महावीर गार्डनजवळचा 40 वर्षांचा फ्लॅट : 52 लाख नक्की कशाचे?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात परत मांडतो, म्हणजे मला नीट कळलंय का ते तुम्हालाही कळेल. तुम्ही पुण्यात नोकरीला, आई-वडील गावाकडून कोल्हापुरात आणायचेत, नागाळा पार्कात महावीर गार्डनच्या जवळ 1984 च्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावरचा 2 बीएचके बघितलाय, बाल्कनीतून बाग दिसते, मोझॅक फरशी, सागवानी दारं, लिफ्ट नाही, मालक 52 लाख म्हणतायत, आणि एजंट म्हणतोय की पाच-सहा वर्षांत रिडेव्हलपमेंट होणारच, तेव्हा आत्ता घेऊन ठेवा. आणि तुमचा प्रश्न, 52 लाख जास्त होतायत का?

मी सिव्हिल इंजिनिअर आहे, बँकांसाठी व्हॅल्युएशन आणि जुन्या बिल्डिंगांचं स्ट्रक्चरल ऑडिट हीच माझी रोजची कामं, त्यामुळं ह्या टाईपचे फ्लॅट भरपूर बघितलेत. माझ्या मते तुम्ही प्रश्न थोडा उलटा विचारताय. किंमत जास्त की कमी हे नंतर, आधी तुम्ही नक्की काय विकत घेताय ते ठरवा. नवीन फ्लॅट घेताना माणूस मुख्यतः बांधकाम घेतो. 40 वर्षांच्या बिल्डिंगमध्ये तुम्ही तीन गोष्टी घेता, जमिनीतला हिस्सा, बिल्डिंगचं उरलेलं आयुष्य आणि शेजारी. हो, शेजारी, कारण पुढची प्रत्येक गोष्ट, गच्चीचं वॉटरप्रूफिंग असो नाहीतर रिडेव्हलपमेंट, त्यांच्या सहीवर अडकलेली असते. बागेचा व्ह्यू ही चौथी गोष्ट, तिच्याबद्दल पुढं बोलतो.

आता आकडेमोड. आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत, तुमच्या बिल्डिंगचे खरे आकडे तुम्हालाच घालायचेत. समजा प्लॉट 6 हजार स्क्वेअर फूट आणि फ्लॅट 12, सगळे सारखे, म्हणजे तुमच्या वाट्याला 500 फूट जमीन. जमिनीचा दर समजा 5 हजार धरला तर 25 लाख झाले. बांधकाम समजा 850 फूट बिल्टअप, आज तसंच नवीन बांधायला फुटाला 2 हजार धरले तर 17 लाख, पण त्याचं आयुष्य 60 वर्षं धरलं तर 40 होऊन गेलीत, राहिला तिसरा हिस्सा, म्हणजे साडेपाच-पावणेसहा लाख. बेरीज 31 लाखाच्या आसपास. मालक मागतायत 52. मधले 21 लाख कशाचे? थोडे लोकेशनचे, थोडे बागेचे, आणि बरेचसे त्या रिडेव्हलपमेंटच्या स्वप्नाचे. फ्लॅटचा बाजारभाव असा ठरत नाही हे मलाही माहितीय, तो आजूबाजूला झालेल्या व्यवहारांवरनं ठरतो, पण ह्या हिशोबानं तळ कुठं आहे ते दिसतं आणि वरचे पैसे कशासाठी देतोय हे स्वतःला तरी कळतं. जमिनीचा दर तुमच्या गल्लीत ह्याच्यापेक्षा जास्त निघाला तर फरक कमी होईल, आणि बिल्डिंगला पुढं प्लॉटचा मोठा रिकामा भाग असेल तर 52 लाख कदाचित रास्तही निघतील. म्हणून तर मी इथं बसून हो किंवा नाही म्हणत नाही.

हा हिस्सा कुठं लिहिलेला असतो? कोल्हापुरात जुन्या बिल्डिंगा बऱ्याचशा सोसायटी नसतात, 1970 च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली डिक्लरेशन केलेल्या असतात. त्या डीड ऑफ डिक्लरेशनमध्ये प्रत्येक फ्लॅटला अविभक्त हिस्सा किती टक्के ते छापलेलं असतं. ते पान बघा. पुष्कळ वेळा तळमजल्यावरच्या दुकानांना नाहीतर बिल्डरनं स्वतःकडं ठेवलेल्या टेरेस फ्लॅटला मोठी टक्केवारी गेलेली असते आणि आपण समजत असतो सगळ्यांना सारखं. डिक्लरेशन झालं असेल तर मालकाच्या नावानं डीड ऑफ अपार्टमेंट, म्हणजे त्या एका फ्लॅटचा मालकी दस्त, झालंय का तेही बघा. आणि डिक्लरेशन नाही, सोसायटी नाही, नुसतं साध्या करारावर 40 वर्षं चाललंय असं निघालं तर तिथंच थांबा आणि चांगला वकील गाठा, अशा बिल्डिंगा आहेत शहरात आणि लोक त्यात राहतायत, पण विकत घेताना भाव त्याच मानानं द्यायचा.

कागदांत अजून दोन गोष्टी कोल्हापूरच्या म्हणून सांगतो. पहिली, प्रॉपर्टी कार्डावर सत्ताप्रकार नावाचा रकाना असतो, तो कुणी वाचत नाही. तिथं ‘ब’ असेल तर मामला शासनाच्या जमिनीचा असू शकतो, हस्तांतरणाची परवानगी, नजराणा (शासनाला भरायची रक्कम) असे विषय निघतात आणि बँकही मागं सरते. दुसरी, घरफाळ्याची पावती दाखवून लोक मालकी सांगतात. घरफाळा महापालिका कर वसुलीसाठी लावते, त्यावर नाव आहे म्हणजे मालक असं होत नाही. मालकी बघायची ती मूळ करारापासून आजपर्यंतच्या रजिस्टर दस्तांच्या साखळीनं, सूची क्रमांक 2 (नोंदणी कार्यालयातला दस्ताचा उतारा) आणि 30 वर्षांच्या नोंदींचा सर्च घेऊन. आणि मालक म्हातारे असतील किंवा वारले असतील तर बहिणींच्या सह्या विचारा, हे मी मुद्दाम सांगतो. एका व्यवहारात सगळं ठरलं होतं, लोन पास झालं होतं, आणि मूळ मालकाची एक मुलगी इचलकरंजीला दिलेली, तिचं हक्कसोडपत्र झालेलंच नव्हतं, ‘तिचं काय नाही हो, ती आमचीच आहे’ असं भाऊ सांगत होते. ती आमचीच असल्यामुळंच तर तिचा हिस्सा होता. व्यवहार वर्षभर लटकला.

आता बिल्डिंग. तुम्ही लिहिलंय ‘फ्लॅट फार सुंदर ठेवलाय’. ठेवला असेल, पण मी फ्लॅटमध्ये सगळ्यात शेवटी जातो. आधी गच्ची, मग खाली पार्किंगमधले कॉलम, मग तुमच्या खालच्या फ्लॅटचं बाथरूम, मग फ्लॅट.

गच्चीवर काय बघायचं, तर पाणी कुठं साठतं ते. बागेजवळच्या बिल्डिंगांचा हा खास आजार आहे, झाडांचा पाला उडून गच्चीवर येतो, पावसाळी पाईपच्या तोंडाशी गच्च बसतो, पहिल्या दोन मोठ्या पावसात गच्चीचं तळं होतं आणि ते पाणी स्लॅबमध्ये मुरतं. कोल्हापूरचा पाऊस जूनला चालू झाला की गणपती होऊन गेले तरी थांबत नाही, त्यामुळं मुरलेलं पाणी वाळायला वेळच मिळत नाही. पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) आणि ड्रेनेज पाईपच्या सांध्यात पिंपळाचं नाहीतर उंबराचं रोप उगवलंय का बघा. वितभर दिसणाऱ्या रोपाचं मूळ आत हातभर गेलेलं असतं. रोप नुसतं उपटून गेलेलं असेल तर बुडखा तिथंच असतो, परत येतो. आणि उत्तरेची किंवा झाडाच्या सावलीतली भिंत बघा, तिच्यावर शेवाळ असणार, त्यात बिघडलं काही नाही, पण त्या शेवाळात उभी सरळ चीर दिसली तर ती आतल्या लोखंडाच्या रेषेत असू शकते असं समजायचं. लोखंड गंजलं की फुगतं आणि काँक्रीटला बाहेर ढकलतं, म्हणून चीर गजाच्या लांबीनं जाते. प्लॅस्टरच्या साध्या चिरा जाळीसारख्या वेड्यावाकड्या असतात, त्यांना घाबरू नका.

पार्किंगमध्ये कॉलमच्या खालच्या दोन-तीन फुटात टिचकी मारून बघा, रुपयाचं नाणं पुरतं. टणटणीत आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर प्लॅस्टर सुटलंय किंवा काँक्रीट पोकळ झालंय. कॉलमला खालून नवीन सिमेंट थापलेलं दिसलं आणि बाकी बिल्डिंगला रंगाचा पत्ता नाही, तर कुणीतरी काहीतरी झाकलंय. तसंच फ्लॅटमध्ये एकाच खोलीचं सिलिंग नव्यानं रंगवलेलं असेल किंवा बाथरूमलाच तेवढं पीओपी केलं असेल तर मला लगेच संशय येतो.

खालच्या फ्लॅटवाल्यांना विनंती करून त्यांचं बाथरूम दाखवा म्हणावं. तुमच्या घरातलं लिकेज तुम्हाला तुमच्या घरात दिसत नाही, त्यांच्या छतावर दिसतं. शिवाय चहा-पाण्याच्या दोन गप्पांत बिल्डिंगची भांडणं कळतात, मेंटेनन्स कोण देत नाही, गच्चीवर कुणी पत्रा मारलाय, पार्किंग कुणी अडवलंय, सगळं.

बाल्कनी सगळ्यात नीट बघा, विशेषतः तुम्हाला तिच्यासाठीच तर फ्लॅट आवडलाय. बाल्कनीच्या स्लॅबमध्ये मुख्य लोखंड वरच्या बाजूला लागतं, कारण ती एका टोकाला लटकलेली असते, आणि त्या काळात स्लॅब भरताना गवंडी त्या गजांवरूनच पाटी घेऊन फिरायचे, गज पायाखाली दबून खाली जायचे. त्यावर नंतर मालकानं बाल्कनी विटांनी बंद करून खोलीत घेतली असेल, ग्रॅनाईट टाकलं असेल, वर कुंड्यांची रांग, तर वजन मूळ हिशोबाच्या कितीतरी पुढं गेलेलं असतं. खालून बाल्कनीच्या पोटाकडं बघा, गंजाचे डाग किंवा उघडे गज दिसले तर दुरुस्तीचा खर्च भावातनं कापा. शिवाय बंद केलेली बाल्कनी मंजूर नकाशात नसते, बँकेचा व्हॅल्युअर तो एरिया धरत नाही, मी तरी धरत नाही.

एक गोष्ट जुन्या बिल्डिंगांच्या बाजूनंही सांगायला पाहिजे, नाहीतर सगळी भीतीच घातली असं व्हायचं. 1984 चं सगळंच काँक्रीट वाईट नसतं. त्यावेळी मिक्स बऱ्याचदा 1:2:4 चं (सिमेंट, वाळू, खडी) असायचं, आजच्या कोडच्या मानानं कमी ताकदीचं, आरसीसीला किमान एम 20 ताकदीचं काँक्रीट हा नियम 2000 सालच्या आयएस 456 ह्या कोडपासनं आला. पण भिंती 9 इंची, छत उंच, खिडक्या समोरासमोर, आणि करारातला एरिया आणि प्रत्यक्ष वापरायला मिळणारा एरिया ह्यात आजच्यासारखी लूट नसायची. मोझॅक फरशी तर मी कुणाला काढू देत नाही, घासून पॉलिश मारली की आजच्या टाईल्स तिच्यापुढं फिक्या पडतात. फक्त नळाचे जीआय पाईप आणि वायरिंग जुनं असेल तर सगळं बदलायचं असं धरूनच चला, त्यात चालढकल नको.

30 वर्षांच्या पुढच्या बिल्डिंगचं ऑडिट झालेलं असायला पाहिजे, तो रिपोर्ट मागा. नसेल तर तुमच्या खर्चानं रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिकची टेस्ट (काँक्रीट न फोडता ताकद तपासायची) आणि काही ठिकाणी कोअर, म्हणजे काँक्रीटचा नमुना, काढायची परवानगी मागा. बाकीचे मालक ‘कशाला उगाच’ म्हणाले तर तेही एक उत्तरच आहे.

आता पूर, कारण नागाळा पार्क म्हटलं की हा विषय टाळून चालत नाही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी 43 फूट आहे, 2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं, 2021 ला 56 च्या वर. दोन्ही वेळा नागाळा पार्काचा सखल भाग, रमणमळा, खानविलकर पंपाची बाजू पाण्यात होती. गार्डनजवळचं सगळंच बुडालं असं अजिबात नाही, एका गल्लीत कंबरभर पाणी आणि पुढच्या चढावर रस्ता कोरडा असं असतंय, म्हणून पत्त्यावरनं मी सांगू शकत नाही. समोरच्या दुकानदाराला, वॉचमनला विचारा, पाणी कुठवर आलं होतं, ते भिंतीला हात लावून दाखवतील. तुम्ही दुसऱ्या मजल्यावर म्हणून घर कोरडं राहील, पण मीटर, मोटर, खालची टाकी आणि गाड्या सगळं खालीच आहे. लाईट बंद, पाणी बंद, आणि वर दोन वयस्कर माणसं. पुरात उपसा केंद्रंच पाण्यात गेल्यानं अख्ख्या शहराला टँकरवर दिवस काढावे लागले होते, आता काळम्मावाडी धरणाची थेट पाईपलाईन आल्यापासनं ते टेन्शन कमी झालंय, पण बिल्डिंगची टाकी बुडाली तर पाईपलाईन काय करणार.

पुराचा दुसरा अर्थ रिडेव्हलपमेंटशी जोडलेला आहे आणि एजंट तो सांगत नाही. नकाशावरच्या निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे नदीकडच्या बाजूला, नवीन बांधकाम होत नाही, जुन्या अधिकृत इमारतीच्या पुनर्बांधणीला युडीसीपीआरमध्ये (राज्याच्या बांधकाम नियमावलीत) वाट आहे पण अटींवर, जोत्याची उंची वगैरे. तिथं ‘अधिकृत’ हा शब्द महत्त्वाचा, म्हणजे बांधकाम परवाना आणि भोगवटा प्रमाणपत्र पाहिजे, आणि त्या काळच्या किती बिल्डिंगांचं भोगवटा प्रमाणपत्र सापडतं ते कुणालाही विचारा. नगररचना विभागातनं प्लॉटचा झोन दाखला काढला की पूररेषा आणि समोरच्या रस्त्याची रुंदी दोन्ही कळतात. रस्ता अरुंद असेल तर टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेऊन वापरायचा बांधकाम हक्क) आणि जादा एफएसआय (प्लॉटच्या मानानं किती बांधता येतं ते) मर्यादित मिळतो, मग बिल्डरला विकायला वरचे फ्लॅट उरत नाहीत आणि तो येतच नाही. 12 फ्लॅटवाले, प्रत्येकाला आहे त्यापेक्षा 30 टक्के जास्त पाहिजे, भाडं पाहिजे, पार्किंग दोन पाहिजेत, आणि एक जण कोर्टात. ह्या शहरात अशा ‘होणारच’ असलेल्या किती रिडेव्हलपमेंट मी फाईलमध्ये बघतोय. हायकोर्टाचं सर्किट बेंच आल्यापासनं वकील मंडळी त्या बाजूला जागा शोधतायत, भाव चढलेत असं एजंट लोक सांगतात, त्यात थोडं तथ्य असेलही, पण मागणी वाढली म्हणून तुमचे शेजारी एका मताचे होत नाहीत. माझं मत सरळ आहे, रिडेव्हलपमेंटसाठी एक रुपयाही जादा देऊ नका. झाली तर फुकटचा फायदा म्हणायचा.

बागेच्या व्ह्यूचे पैसे मात्र द्यायला माझी हरकत नाही, समोर महापालिकेचं उद्यान आहे म्हणजे तिथं उद्या कुणी टॉवर उभा करून हवा अडवणार नाही, खाजगी प्लॉटसमोरच्या व्ह्यूला ही गॅरंटी नसते. फक्त पहाटे पाचला आणि संध्याकाळी सातला एकदा जाऊन उभं राहा. सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या गाड्या तुमच्या गेटसमोर, संध्याकाळी पोरांचा गलका, पावसाळ्यात डास. तुमच्या वडिलांना ती वर्दळ आवडेलही, गावाकडून आलेल्या माणसाला बंद दारांच्या टॉवरपेक्षा ते बरं वाटतं, हे मी पुष्कळांच्या बाबतीत बघितलंय.

आणि आता जे तुम्ही एका शब्दात लिहून पुढं गेलात, ‘लिफ्ट नाही’. माझ्या दृष्टीनं हा सगळ्यात मोठा मुद्दा आहे, किमतीपेक्षाही. आई-वडिलांचं वय तुम्ही लिहिलं नाहीये. साठीच्या आसपास असतील आणि गुडघे चांगले असतील तर दोन मजले चढतील, पण तुम्ही घर 15-20 वर्षांसाठी घेताय. बाहेरून लिफ्ट बसवता येते, पण त्याला बाजूची मोकळी जागा पाहिजे, महापालिकेची परवानगी पाहिजे आणि सगळ्यांची वर्गणी पाहिजे, त्यात पहिल्या मजल्यावरचा म्हणणार मला काय उपयोग. बागेसमोरच्या घरात राहून बागेत उतरताच येत नाही अशी वेळ यायला नको. त्याच भागात पहिल्या मजल्यावरचा, बाग दिसत नसलेला फ्लॅट मिळाला तर मी आधी तो बघेन.

खर्चाचं पटकन सांगतो. जुन्या फ्लॅटला जीएसटी नाही. मुद्रांक शुल्क कोल्हापूर महापालिका हद्दीत 6 टक्के, आईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर 1 टक्का कमी, नोंदणी फी 1 टक्का पण जास्तीत जास्त 30 हजार. म्हणजे 52 लाखाला साधारण 3 लाख 42 हजार, आईच्या नावावर 2 लाख 90 हजार. शुल्क करारातली रक्कम आणि सरकारी व्हॅल्युएशन ह्यात जे जास्त त्यावर, व्हॅल्युएशनमध्ये इमारतीच्या वयाचा घसारा मिळतो तो लावून घ्या, कुणी आपणहून लावत नाही. रक्कम 50 लाख किंवा वर असेल तर 1 टक्का टीडीएस तुम्हीच कापून भरायचा, 52 ला तो 52 हजार होतो, आणि मालक परदेशात राहणारा असेल तर टीडीएसचा दर फार वेगळा, सीएला विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. लोन घेणार असाल तर बँकेत आधी बिल्डिंगचं वय सांगा, उरलेल्या आयुष्याच्या हिशोबानं काही बँका मुदत कमी करतात आणि मग हप्ता वाढतो.

तर, लिफ्टशिवाय चालणार असेल, सत्ताप्रकार ठीक असेल, कॉलम टणटणीत असतील आणि पाणी गेटपर्यंत आलं नसेल, तर घ्यायला हरकत नाही, पण खऱ्या आकड्यांत जमिनीचा हिस्सा मोठा निघाल्याशिवाय 52 ला नाही. वायरिंग, पाईप, बाल्कनी आणि गच्चीतला तुमचा वाटा ह्याचा लेखी एस्टिमेट काढून तो भावातनं वजा करून बोला. ह्यातल्या दोन गोष्टी जरी हुकल्या तर सोडून द्या, फ्लॅट परत येतात बाजारात.

संचकार (विसार) करताना रक्कम छोटी ठेवा आणि त्यात लिहून घ्या की टायटल सर्च, झोन दाखला आणि स्ट्रक्चरल टेस्ट समाधानकारक नसेल तर पूर्ण रक्कम अमुक दिवसांत परत. मालक ह्या वाक्याला कां-कूं करायला लागले तर टेस्टचा खर्च वाचला म्हणायचं. प्रॉपर्टी कार्ड आणि डिक्लरेशनमधलं टक्केवारीचं पान हातात आलं की नावं झाकून इथं टाका, वर मी धरलेल्या 6 हजार आणि 12 च्या जागी खरे आकडे घालून परत हिशोब करू.